पहिल्या तळ्याच्या पुढे : सिॲटलजवळच्या अल्पाइन लेक्समध्ये एका दिवसाची भटकंती कशी आखावी

आय-९० महामार्गावरची स्नोक्वाल्मी खिंड आणि यूएस-२ वरची स्टीव्हन्स खिंड यांच्या मधला कॅस्केड रांगेचा पट्टा म्हणजे अल्पाइन लेक्स वाइल्डरनेस. १९७६ साली कायद्याने राखलेल्या या रानात हिमनद्यांनी कोरलेली लहानमोठी ७०० हून अधिक तळी आहेत. सिॲटल, बेलव्ह्यू, रेडमंड भागात राहणाऱ्या मराठी मंडळींना त्यातली कितीतरी तळी सकाळी निघून संध्याकाळी घरी परतण्याइतकी जवळ आहेत. तरीही उन्हाळ्यातल्या शनिवारी सगळी गर्दी मोजक्या चार-पाच काठांवर दाटलेली असते.

शांतता हवी असेल तर पहिल्या तळ्यापाशी थांबू नका. इथल्या बऱ्याच वाटांवर एका तळ्याच्या वरच्या अंगाला दुसरं तळं असतं, आणि बहुतेक लोक पहिलं पाणी दिसताच डबा उघडतात. तालापसच्या वर ओलाली आहे, स्नो लेकच्या पुढे जेम, आणि रेचल लेकच्या डोक्यावर रॅम्पार्ट. हा पुढचा टप्पा दमछाक न होता आणि उजेड असताना पार पडावा, यासाठीच बाकीची सगळी आखणी करायची.

आधी तारीख, मग तळं

सह्याद्रीत ट्रेक केलेल्यांचा पहिला अंदाज इथेच चुकतो. कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे ५,४०० फूट उंच. स्नो लेकचं पाणी ४,०१६ फुटांवर आहे. उंचीच्या हिशेबाने हे तळं कळसूबाईच्या माथ्याच्या बरंच खाली, त्यामुळे विरळ हवेचा त्रास होण्याचा प्रश्न नाही. पण अक्षांश ४७ च्या वर आणि पॅसिफिकवरून आलेलं बाष्प थेट या डोंगरांना येऊन आदळतं. हिवाळाभर साचलेला बर्फ ४,००० फुटांच्या आसपास जूनअखेरपर्यंत आणि सावलीच्या उतारांवर जुलैतही टिकतो. बेलव्ह्यूत मे महिन्यात टी-शर्ट घालून फिरता येतं, म्हणून वरची वाट मोकळी असेल असं अजिबात नाही.

ढोबळ हिशेब असा. तालापससारखी ३,३०० फुटांच्या आसपासची तळी जूनच्या मध्यापासून. ४,००० ते ४,६०० फुटांवरची, म्हणजे स्नो लेक, मेलाक्वा, रेचल, जुलैच्या मध्यापासून. जेम आणि रॅम्पार्टसाठी जुलैचा शेवटचा आठवडा किंवा ऑगस्ट उजाडू द्यावा. आमच्या मते सर्वांत चांगला काळ म्हणजे लेबर डेनंतरचे (सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारनंतरचे) तीन आठवडे : डास संपलेले, पाणी अजून निळं, हकलबेरी पिकलेल्या आणि शाळा सुरू झाल्याने आठवड्याच्या मधल्या दिवशी वाट जवळपास रिकामी. ऑगस्ट-सप्टेंबरात वणव्यांचा धूर मात्र आड येऊ शकतो. हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक (एक्यूआय) १५० च्या वर असेल तर बेत पुढे ढकला. चढावर आपण नेहमीच्या कितीतरी पट हवा आत ओढतो.

खात्री करायची जागा म्हणजे वॉशिंग्टन ट्रेल्स असोसिएशनच्या संकेतस्थळावर लोकांनी लिहिलेल्या वाटेच्या नोंदी. फोटोंकडे बघून भुलू नका. नोंदीची तारीख बघा, गेल्या सात-आठ दिवसांतली हवी. मग त्यात तीन गोष्टी शोधा : बर्फ कितव्या मैलापासून लागला, ओढे कसे ओलांडले आणि झाडं आडवी पडली आहेत का. वाइल्डरनेसमध्ये यंत्रं चालवायला बंदी असल्याने पडलेली झाडं हाताच्या करवतीने कापावी लागतात. वसंतात पडलेलं खोड त्यामुळे बरेच दिवस वाटेतच असतं, आणि अशी दहा-बारा खोडं ओलांडण्यात सहज अर्धा तास जातो.

कोणतं तळं?

वॉशिंग्टनमध्ये एक्झिटचे, म्हणजे महामार्गावरून बाहेर पडायच्या फाट्यांचे, क्रमांक मैलांवरून दिलेले आहेत. आय-९० वरचा एक्झिटचा आकडा म्हणजे सिॲटलपासूनचं साधारण अंतर. पुढची सगळी अंतरं जाऊन-येऊन धरली आहेत.

तालापस आणि ओलाली, एक्झिट ४५. दोन्ही मिळून ६.२ मैल, चढ १,२२० फूट. भारतातून आलेल्या आई-बाबांना किंवा सात-आठ वर्षांच्या मुलांना न्यायची हीच वाट. जंगलातून सावलीत जाते, चढ सौम्य आहे आणि कुणाचे गुडघे कुरकुरू लागले तर तालापसपाशी थांबता येतं. तिथून ओलाली आणखी ५०० फूट वर. चिनूक व्यापारी बोलीत तालापस म्हणजे कोयोटी हा लांडग्यासारखा प्राणी आणि ओलाली म्हणजे बेरी. सुरुवातीपर्यंतचा ९०३० क्रमांकाचा रस्ता कच्चा, खड्ड्यांचा आहे. साधी गाडी जाते, पण हळू चालवावी लागते.

स्नो लेक, एक्झिट ५२, अल्पेंटल. ७.२ मैल, १,८०० फूट. या रानातल्या सर्वांत गजबजलेल्या वाटांपैकी एक. वाट ४,४०० फुटांच्या खिंडीवर चढते आणि पलीकडे जवळजवळ ४०० फूट उतरून तळ्याशी जाते. ते ४०० फूट परतताना, पोट भरलेलं आणि पाय आखडलेले असताना पुन्हा चढायचे असतात. लोक इथेच थकतात, कारण मनातल्या हिशेबात परतीची वाट म्हणजे उतार असते. तळ्यावरून पुढे जेम लेक साधारण ८०० फूट वर आहे. जेमपर्यंत जाऊन-येऊन १० मैल होतात, त्यामुळे हा दिवस रोज चालायची सवय असलेल्यांचा.

मेलाक्वा, एक्झिट ४७, डेनी क्रीक. साधारण ८.५ मैल आणि २,३०० ते २,५०० फूट. सुरुवातीला डोक्यावरून महामार्गाचा उंच पूल जातो, मग ओढ्याच्या गुळगुळीत कातळावर घसरगुंडी खेळणाऱ्या कुटुंबांची झुंबड लागते. ती ओलांडून हेमलॉक खिंडीकडे निघालं की माणसं झपाट्याने कमी होतात. मेलाक्वा या शब्दाचा अर्थ डास. जुलैत गेलात तर नाव कसं पडलं हे विचारावं लागत नाही.

रेचल, एक्झिट ६२, कचीस लेकच्या बाजूने. ८ मैल, १,६०० फूट. आकडे सोपे वाटतात, पण त्यातला जवळजवळ १,३०० फुटांचा चढ शेवटच्या एका मैलात आहे. मुळं, ओले दगड, कुठे कुठे वाटेवरूनच वाहणारं पाणी. सह्याद्रीतली घळ चढण्याची सवय असेल तर हा टप्पा आवडेल. उतरताना मात्र काठ्या हव्यातच. वर रॅम्पार्टची छोटी-छोटी तळी आणखी सुमारे ५०० फुटांवर आहेत. धारेवर फाटा लागतो, तिथे थांबून नकाशा बघा. ही बाजू मुख्य धारेच्या पूर्वेला असल्याने खिंडीत पाऊस असताना इथे कधीकधी कोरडं मिळतं.

वेळ मांडायची रीत

मिश्र गटासाठी हे सूत्र चालतं : दर अडीच मैलांना एक तास, आणि दर १,३०० फूट चढाला आणखी एक तास. स्नो लेकचं उदाहरण घ्या. ७.२ मैलांचे सुमारे २ तास ५० मिनिटं, १,८०० फुटांची १ तास २५ मिनिटं, म्हणजे सव्वाचार तास. त्यात तळ्याकाठचा एक तास आणि बूट सैल करणं, फोटो, पाणी यांचा पाऊण तास मिळवला की सहा तास होतात. रेचलसाठी याच सूत्राने साडेचार तास येतात. त्यात त्या शेवटच्या मैलाचा एक तास वेगळा धरा. सूत्र सर्वांत हळू चालणाऱ्याच्या वेगाने लावायचं. गटाचा वेग त्याचाच असतो.

आता उलटं मोजा. २१ जूनच्या सुमारास सूर्यास्त रात्री नऊनंतर होतो, ऑक्टोबरच्या मध्यावर साडेसहाच्या आत. दरीत ऊन त्याच्या तासभर आधीच जातं. सूर्यास्ताच्या दोन तास आधी गाडीपाशी पोचायचं, असं धरून परत फिरण्याची वेळ ठरवा आणि ती निघण्याआधी सगळ्यांना सांगा. 'एक वाजता जिथे असू तिथून मागे' असं नेमकं. पुढच्या तळ्याचा निर्णय पहिल्या तळ्यावर घ्यायचा : ठरलेल्या वेळेला दीड-दोन तास बाकी असतील, प्रत्येकाकडे अर्ध्याहून जास्त खाणं असेल आणि आभाळ मोकळं असेल तरच पुढे. तिन्हींपैकी एक जरी गोष्ट कमी असेल तर आज इथेच बसा.

उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी लोकप्रिय वाटांचे वाहनतळ सकाळी आठच्या आसपास भरतात. सातला पोचा. रस्त्याच्या कडेला गाडी घुसवली तर दंड होतो आणि रुग्णवाहिकेची वाट अडते. जागा मिळाली नाही तर कोणत्या दुसऱ्या वाटेवर जायचं, ते आधीच ठरवून ठेवा. एक्झिट ४७ ला जागा नसेल तर वाहनतळात उभं राहून चर्चा होऊ नये. गाडीत काहीही ठेवू नका, अगदी रिकामी पिशवीसुद्धा दिसता कामा नये. या वाहनतळांवर काचा फोडून चोऱ्या होतात.

पास आणि परवाना

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गाडीला लागतो तो नॉर्थवेस्ट फॉरेस्ट पास, दिवसाचा ५ डॉलर, वर्षाचा ३० डॉलर. राष्ट्रीय उद्यानांचा 'अमेरिका द ब्युटिफुल' वार्षिक पासही चालतो. राज्याच्या उद्यानांसाठी घेतलेला डिस्कव्हर पास इथे चालत नाही. नेमक्या याच चुकीमुळे कितीतरी गाड्यांवर दंडाची चिठ्ठी लागते. माणसांना लागतो तो वाइल्डरनेस परवाना. तो वाटेच्या तोंडाशी असलेल्या पेटीत फुकट मिळतो : फॉर्म भरा, एक प्रत पेटीत टाका, दुसरी सॅकला लावा.

गटाची मर्यादा १२ जण. मंडळाची किंवा ऑफिसातली मोठी सहल असेल तर दोन गट करून दोन वेगळ्या वाटांवर पाठवा. पंधरा मिनिटांच्या अंतराने एकाच काठावर चोवीस माणसं जमली तर मर्यादा कागदावरच पाळली जाते, आणि तिथे आधी येऊन बसलेल्यांची शांतता जाते.

सॅकमध्ये काय

२० ते २५ लिटरची सॅक पुरते. सिॲटलच्याच माउंटेनियर्स संस्थेने १९३० च्या दशकापासून शिकवलेली दहा आवश्यक गोष्टींची यादी आजही इथे प्रमाण मानतात : दिशा शोधायची साधनं, विजेरी, उन्हापासून बचाव, प्रथमोपचार, चाकू, आग पेटवायचं साधन, निवारा, जादा अन्न, जादा पाणी, जादा कपडे. त्यातल्या ज्या गोष्टी लोक टाळतात, त्यांच्याबद्दलच थोडं सांगायला हवं.

विजेरी, म्हणजे हेडलॅम्प, प्रत्येकाचा स्वतःचा. मोबाइलच्या उजेडात उतरताना एक हात अडकतो आणि सिग्नल शोधून आधीच उतरलेली बॅटरी संपते. नकाशा मोबाइलवर घरूनच उतरवून घ्या आणि फोन विमान मोडवर ठेवा. दरीत सिग्नल नसतो. सोबत कागदी नकाशा हवा. स्नो लेक, मेलाक्वा आणि रेचलसाठी ग्रीन ट्रेल्सचा २०७ क्रमांकाचा 'स्नोक्वाल्मी पास' हा नकाशा.

कपड्यांत सुती काहीही नको. जीन्स तर नकोच. सुती कापड घाम धरून ठेवतं, आणि चढताना ओला झालेला बनियन तळ्याकाठच्या वाऱ्यात दहा मिनिटांत अंग गार करतो. आत पॉलिस्टर किंवा लोकरीचा थर, वर फ्लीस, पिशवीत पातळ फुगीर जाकीट आणि खरंखुरं पावसाचं जाकीट. १,३०० मीटर चढलं की तापमान साधारण आठ अंशांनी उतरतं, म्हणून शहरात १८ अंश असताना वर १० अंश धरायचे. १० अंश आणि पाऊस हा मेळ कोरड्या थंडीपेक्षा धोक्याचा. कुणी कापायला लागलं, शब्द अडखळायला लागले, बटण लावता येईना, तर ओले कपडे काढून कोरडे घाला, काहीतरी गोड खायला द्या आणि लगेच उतरायला लागा.

पाणी दोन लिटर, उघड्या उन्हाच्या वाटेवर तीन. फिल्टर असेल तर दीड लिटर घेऊन निघा आणि वर भरून घ्या, पाठीवरचं ओझं कमी होतं. तळ्याचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी थेट पिऊ नका. जिआर्डियाचे जंतू डोळ्यांना दिसत नाहीत आणि पोट बिघडतं ते एक-दोन आठवड्यांनी. ०.१ मायक्रॉनचा फिल्टर पुरतो. तो रात्री गारठून गोठला असेल तर आतल्या बारीक नळ्या फुटतात आणि बाहेरून काही कळत नाही. असा फिल्टर टाकून द्यायचा. क्लोरिन डायऑक्साइडच्या गोळ्यांना जिआर्डियासाठी अर्धा तास लागतो, क्रिप्टोस्पोरिडियम या दुसऱ्या जंतूसाठी चार तास.

खाण्यात आपल्या प्रवासी पदार्थांना तोड नाही. दुधात भिजवलेल्या दशम्या दिवसभर मऊ राहतात : माणशी तीन, सोबत शेंगदाण्याची कोरडी चटणी. रसाची भाजी आणि दह्याचं काही नको, सॅकमध्ये सांडतं. चालताना खायला माणशी शंभर-दीडशे ग्रॅम चिक्की, खजूर, खारे दाणे, आणि वेगळ्या पिशवीत एका जेवणाएवढं जादा, जे घरी परत आलं तरी चालेल. थर्मासमध्ये चहा घ्या. सप्टेंबरच्या वाऱ्यात त्याचं वजन भरून निघतं.

वाटेवर काय बिघडतं

लवकरच्या मोसमात गेलात तर बहुतेक चुका बर्फावरच्या असतात. सकाळी कडक असणारा बर्फ दुपारी भुसभुशीत होतो आणि पाय मांडीपर्यंत आत जातो. खाली दगड असेल तर नडगी सोलते किंवा पाय मुरगळतो. ओढ्यावरचा बर्फ खालून वितळलेला असतो, वरून सपाट दिसतो. खाली पाण्याचा आवाज येत असेल तर त्यावर पाऊल टाकू नका. बुटांना लावायचे छोटे काटे सपाट बर्फावर उत्तम, पण ज्या उताराच्या पायथ्याशी दगड किंवा पाणी आहे तिथे ते घसरण थांबवू शकत नाहीत. तिथून मागे फिरा. स्नो लेकची वाट हिमस्खलनाच्या पट्ट्यांखालून जाते, म्हणून हिवाळ्यात आणि वसंतात ती उन्हाळ्याची वाट समजून चालू नका. त्या काळात नॉर्थवेस्ट अव्हलांच सेंटरचा अंदाज वाचता येत नसेल तर दुसरीकडे जा.

वाट चुकण्याची खरी जागा म्हणजे बर्फ सुरू होतो ती कड. पुढे गेलेल्यांच्या पावलांमागे आंधळेपणाने जाऊ नका, तेही चुकलेले असू शकतात. शंका आली की थांबा, नकाशावर स्वतःची जागा शोधा. नाहीच सापडली तर ज्या शेवटच्या जागी खात्री होती तिथपर्यंत मागे या. सह्याद्रीत खाली उतरत गेलं की वाडी लागते, कुणी मामा वाट दाखवतात. इथे खाली उतरत गेलं की झुडपांनी गच्च भरलेला ओढा लागतो आणि पुढे कडा.

तळ्याकाठी

पाण्यात उतरायचं असेल तर सावकाश. वितळलेल्या बर्फाच्या पाण्यात उडी मारली की श्वास आपोआप आत ओढला जातो, आणि तेव्हा डोकं पाण्याखाली असेल तर चांगला पोहणाराही बुडतो. आधी कंबरेपर्यंत उभे राहा, श्वास ताळ्यावर येऊ द्या, किनारा सोडू नका.

काठावर बसायला दगड निवडा. हीदरची बुटकी झुडपं उन्हाळ्यात मोजके आठवडे वाढतात, आणि तुडवलेला पट्टा भरून यायला वर्षं लागतात. साबण 'जैविक' असला तरी पाण्यात नको. शौचाला पाण्यापासून आणि वाटेपासून ६० मीटर दूर, सहा ते आठ इंच खोल खड्डा. कागद पिशवीत घालून परत आणायचा. शेंगांची टरफलं आणि संत्र्याची सालंही परत. 'जे' जातीचे करडे पक्षी हातावर येऊन बसतात, मुलांना मोह होतो, पण त्यांना भरवू नका. पश्चिम बाजूला ४,००० फुटांच्या वर शेकोटीला बंदी आहे. ड्रोन चालत नाही. स्पीकर घरी ठेवा. दोन्ही बाजूंना कडे असलेल्या तळ्यावर एका फोनवरचं गाणं पलीकडच्या काठापर्यंत जातं.

डासांसाठी पिकारिडिन २० टक्के किंवा डीट ३० टक्क्यांपर्यंतचं औषध आणि लांब बाह्या. वाऱ्याच्या टोकाला, पाण्यात शिरलेल्या कातळावर बसलं तर निम्मा त्रास तसाच कमी होतो.

घरी ठेवायची चिठ्ठी

निघण्यापूर्वी न येणाऱ्या एका माणसाकडे चार गोष्टी लिहून द्या : वाटेचं नाव आणि एक्झिट, गाडीचा क्रमांक, सोबत कोण, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर ९११ ला कळवायचं. जिल्हाही (इथली काउंटी) लिहा, कारण शोधमोहीम तिथल्या शेरीफच्या अखत्यारीत असते : स्नो लेक, तालापस आणि मेलाक्वा किंग काउंटीत, रेचल किटिटास काउंटीत. उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र किंवा तशी सोय असलेला फोन असेल तर तो कसा चालतो हे घराच्या अंगणात एकदा करून बघा. उघडं आभाळ लागतं, दाट झाडीत संदेश अडकतो. पुढच्या तळ्याकडे जायचं ठरलं तर ते चिठ्ठीत आधीच 'जमल्यास' म्हणून लिहिलेलं असावं. आणि परतताना महामार्गावर सिग्नल आला की गाडी सुरक्षित जागी थांबवून सगळ्यांत आधी त्या माणसाला फोन करा.